मुंबईवरील कादंबरीसाठी संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पार्श्वभूमीवर कादंबरी लिहू पाहणाऱ्यांकडून गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये, म्हणून आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कादंबरी काल्पनिकच असते. मग तिच्यासाठी एवढा खटाटोप का करायचा?

मुंबईवरील मराठी कादंबरीचा वाचक बहुधा याच शहरात राहिलेला असतो, किंवा त्याच्या घरचे कोणीतरी येथे नोकरीला होते. चाळीत पाणी किती वाजता येते, रातपाळी सुटल्यावर माणूस कोणत्या रस्त्याने घरी जातो, हे त्याला ठाऊक असते. तेथे चूक दिसली की पुढच्या कल्पित प्रसंगावरचाही त्याचा विश्वास उडतो.

तथापि, चुका टाळणे हे संशोधनाचे लहान कारण आहे. कथानक पुष्कळदा तपशिलातूनच निघते, हे खरे कारण. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. अशा एका खोलीत आईवडील आणि दोन भाऊ राहत आहेत आणि धाकट्याचे नुकतेच लग्न झाले आहे, तर थोरला कोठे झोपतो? तो गॅलरीत झोपू लागला, तर पावसाळ्यात काय होते? थोरल्याचे लग्न आधी का झाले नाही, असे शेजारी विचारतात तेव्हा आई काय उत्तर देते? चौरस फुटांचा आकडा कळेपर्यंत यांतला एकही प्रश्न मला सुचला नव्हता.

२. आधी सगळे संशोधन पूर्ण करावे, की लिहायला सुरुवात करावी?

दोन-तीन महिने काळाची आणि जागेची ओळख होईल इतके वाचावे आणि लिहू लागावे. लिहिताना जेथे माहिती अडेल तेथे कंसात प्रश्न लिहून पुढे जावे. पहिला खर्डा संपल्यावर या कंसांची जी यादी तयार होते, तीच संशोधनाची खरी यादी होय. आधीच सर्व वाचायला बसल्यास जे वाचले ते सर्व कादंबरीत आणण्याचा मोह होतो (प्रश्न १५ पाहावा).

३. मुंबईत नेमके कोठे जावे?

विषय कोणताही असो, मराठी छापील साहित्यासाठी आरंभ मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून करावा. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या दादर पूर्वेकडील संदर्भ विभागात जुनी पुस्तके आणि नियतकालिके पाहता येतात. जुन्या मासिकांतील जाहिराती अवश्य पाहाव्यात. केसांचे तेल, शिलाई यंत्र, वसतिगृह यांच्या जाहिरातींत जितका संसार दिसतो, तितका अग्रलेखात दिसत नाही.

फोर्टमधील टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. संस्था १८०४ची, इमारत १८३३ची. एकोणिसाव्या शतकातील मुंबईवर लिहायचे असेल, तर तेथे जाण्याला पर्याय नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे १८६३चे पुस्तक आणि १९०९-१० मध्ये निघालेले मुंबई शहर व बेटाचे तीन खंडांतील गॅझेटिअर, ही दोन साधने मात्र त्याआधीच वाचून जावे, म्हणजे काय मागायचे ते कळते.

सरकारी कागदपत्रे काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. तेथे कागद विषयवार नसून खातेवार लावलेले असतात, हे नवख्या माणसाने लक्षात ठेवावे. 'प्लेगमधील स्त्रिया' असा विषय सूचीत सापडणार नाही. त्या काळी हा विषय कोणत्या खात्याच्या टेबलावर गेला असता, याचा विचार करून त्या खात्याचे ते वर्ष मागवावे लागते. ओळखपत्र आणि विषय नमूद करणारे पत्र सोबत असावे आणि पहिले दोन दिवस केवळ सूची चाळण्यात जातील, हे गृहीत धरावे.

वस्तू डोळ्यांनी पाहायच्या असतील, तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील जुन्या व्यवसायांच्या आणि समाजांच्या मातीच्या प्रतिकृती पाहाव्यात आणि ट्राम व बस यांसाठी आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात जावे. अलीकडच्या सरकारी अथवा महापालिकेच्या नोंदींसाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे.

घरातले कागद मात्र या सर्वांच्या आधी पाहावेत. भाडेपावत्या, रेशनकार्डे, लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, गिरणीचे पगाराचे कागद हे कोणत्याही संस्थेत मिळत नाहीत, आणि घर पुनर्विकासात गेले की सर्वांत आधी रद्दीत जातात.

४. जुनी वर्तमानपत्रे वाचताना काय लक्षात ठेवावे?

ज्या दिवसाचा प्रसंग आहे, केवळ तो अंक वाचून भागत नाही. त्याच्या आधीचा आठवडा वाचावा, कारण पात्राच्या डोक्यात आधीच्या आठवड्याच्या बातम्या असतात. एकाच घटनेसाठी निदान दोन भिन्न मतांची पत्रे पाहावीत. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर लिहिणाऱ्याने आंदोलनाची बाजू मांडणारे आचार्य अत्रे यांचे 'मराठा' हे एकच दैनिक वाचले, तर त्याला शहराचा एकच आवाज ऐकू येईल.

काय छापलेले नाही, याचीही नोंद घ्यावी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर प्रचंड स्फोट झाले, पण युद्धकाळातील सेन्सॉरशिपमुळे त्याचे तपशील वृत्तपत्रांतून लगेच खुलेपणाने येऊ शकले नाहीत. मांडवीतले आपले पात्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून सगळा वृत्तान्त वाचते, असे लिहिले तर ते चूक ठरेल. त्याला जे कळले ते धुरावरून, ऐकीव बातम्यांवरून आणि इस्पितळाच्या दारात. आणीबाणीच्या महिन्यांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

५. काळाचे तपशील चुकू नयेत यासाठी कोणत्या गोष्टी हमखास तपासाव्यात?

पैसे, वेळ, नावे आणि घरातल्या वस्तू या चार ठिकाणी सर्वाधिक चुका होतात.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. नव्या नाण्याला 'नवा पैसा' म्हणत. त्यातला 'नवा' १९६४ साली गेला. बोलण्यातले 'चार आणे', 'आठ आणे' मात्र त्यानंतर कित्येक दशके टिकले. त्यामुळे १९७५ मधल्या आजीने नातवाला 'चार आणे घे' म्हणणे योग्य आहे, पण त्याच वर्षीच्या वाण्याच्या बिलावर आणे दिसता कामा नयेत. शेर आणि मण यांचेही तसेच: मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण शेर तोंडातून इतक्या लवकर गेला नाही.

वेळेची गंमत फार थोड्या लेखकांना माहीत असते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली स्वतःची, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. १९३० सालच्या प्रसंगात पात्र 'साडेपाच वाजता' म्हणते तेव्हा ते कोणत्या घड्याळाने, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

नावांच्या बाबतीत अधिकृत तारीख आणि लोकांची सवय या दोन्ही पाहाव्यात. इंग्रजीतील 'बॉम्बे' १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले. मराठी माणूस मात्र त्याआधीही मुंबईच म्हणत होता, म्हणून मराठी संवादात 'बॉम्बे' कोण म्हणते, यावरून त्या पात्राचे शिक्षण आणि वावर कळतो. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ साली शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, पण जुना मुंबईकर बोरीबंदर म्हणे आणि आजही कित्येकांच्या तोंडी व्हीटी येते. ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे नव्हत्या, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपन्या होत्या. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ साली प्रभादेवी झाले.

वस्तूंपैकी तीन वारंवार चुकतात. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघू लागले, म्हणून त्याआधीच्या भिंतीवर ते टांगू नये. माझ्या पहिल्या खर्ड्यात परळच्या एका खोलीत १९७१ साली शेजारची मुले दूरदर्शन पाहायला जमली होती. तो प्रसंग काढून रेडिओभोवती नव्याने लिहावा लागला आणि लिहिताना लक्षात आले, की रेडिओ ऐकताना माणसे एकमेकांकडे पाहतात. प्रसंगाचे रूपच त्यामुळे बदलले.

६. काळाची माहिती मिळाली, पण पात्राला त्यातले किती ठाऊक असेल हे कसे ठरवायचे?

माझ्या मते या सबंध विषयातील हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो विचारणारे थोडे असतात. कागदपत्रे काय घडले ते सांगतात. ते घडत असताना माणसाला त्याचा किती भाग दिसत होता, हे कादंबरीकाराला स्वतः शोधून काढावे लागते.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी वर्षे गेली. म्हणजे १८९६ मधल्या आपल्या नायिकेला पिसवांची भीती वाटू शकत नाही. तिला भीती वाटते ती घाणीची, हवेची, दैवी कोपाची, आणि त्याहून अधिक घर तपासायला येणाऱ्या पथकाची व इस्पितळात नेले जाण्याची. लेखकाला सर्व ठाऊक असते. तिला ते ठाऊक नाही, आणि तिच्या त्या न कळण्याशी लेखकाने प्रामाणिक राहायला हवे.

गिरणी संपाचेही तसेच आहे. सोमवार, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही, हे आपण आज जाणतो. त्या सोमवारी लालबागमधला कामगार मात्र काही आठवड्यांत परत कामावर जाण्याच्या हिशेबाने घराबाहेर पडला होता. काही जण तेवढ्यात गावी जाऊन यावे म्हणून निघाले. त्या पहिल्या आठवड्याच्या वर्णनात आपण शोकाचा सूर लावला, तर तो सूर आपला असतो, त्याचा नसतो.

अंतराचाही विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. फोर्टातल्या कचेरीतून संध्याकाळी निघणाऱ्या कारकुनाला कुर्ल्यात काय चालले आहे याची कल्पना नव्हती, आणि त्या दिवसाची भीषणता या न कळण्यातच आहे.

७. वयोवृद्ध माणसांशी बोलायचे आहे. मुलाखत कशी घ्यावी?

पहिल्या भेटीत मुलाखत घेऊच नये. ओळखीच्या माणसाबरोबर जावे, काका, मावशी, आजी असे जे नाते वयाला शोभेल त्याने हाक मारावी, आपण कोणाचे कोण आणि मूळ गाव कोणते, हे विचारल्यावर नीट सांगावे. गिरणगावात घाटावरचा की कोकणातला, हा प्रश्न आजही सहज विचारला जातो आणि त्याच्या उत्तराने बोलण्याची दिशा ठरते. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास दुसऱ्या भेटीत, स्पष्ट विचारून करावे, आणि पुस्तकासाठी विचारतो आहोत हे आरंभीच सांगावे.

प्रश्न मताविषयी नसावेत, वस्तूंविषयी आणि क्रमाविषयी असावेत. 'संपाबद्दल तुम्हांला काय वाटते?' असे मी एका निवृत्त कामगाराच्या पत्नीला विचारले, तेव्हा त्यांनी कोणत्याही वर्तमानपत्रात छापता येतील अशी चार वाक्ये सांगितली आणि गप्प झाल्या. नंतर 'त्या वर्षी घरातले काय काय विकावे लागले?' असे विचारले. त्यांनी भांड्यांचा क्रम सांगितला: आधी पितळेचे डबे, मग समई, मग मोठी परात. तांब्याचा हंडा शेवटपर्यंत ठेवला, कारण पाणी भरल्यावाचून राहता येत नाही आणि पाणी भरायला बाहेर पडताना हातात हंडा असला, की घरात काही कमी झाले आहे हे कोणाला कळत नाही. हे वाक्य त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितले. असे काही ऐकल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये.

चाळीत दार उघडे असते आणि शेजारी ऐकत असतात, याचे भान ठेवावे. घरातली सून चहा घेऊन येते आणि दारातच थांबते. तिलाही बसायला सांगावे, तिची आठवण वेगळी असते. निघताना टिपणे तेथे वाचून दाखवावीत.

८. आठवणी आणि कागदपत्रे जुळत नसतील, तर काय खरे मानावे?

तारीख, वार, रक्कम, पावसाचे मान यांसाठी कागद. भीती, वास, आवाज, लाज यांसाठी आठवण. पण विसंगती दिसताच आठवण चुकीची ठरवण्याची घाई करू नये. जुन्या काळातील एकाच घटनेच्या वेळेत दोन वृद्धांच्या सांगण्यात पाऊण तासाच्या आतबाहेरचा फरक आला, तर दोघेही बरोबर असू शकतात (प्रश्न ५ मधील मुंबई टाइम पाहावी). कागदही कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. पोलिसांच्या अहवालातील 'जमाव' आणि जमावातल्या माणसाला आठवणारा 'मोर्चा' एकच असतो. अशी विसंगती मिटवण्यापेक्षा ती दोन पात्रांत वाटून द्यावी.

९. मला गिरणीतली किंवा कोळीवाड्यातली बोली येत नाही. ती कशी आणावी?

व्यवसायाचे शब्द आधी गोळा करावेत, उच्चार नंतर. गिरणीत साचाखाते (विणकामाचे खाते), त्रासनखाते (सूत गुंडाळण्याचे खाते), बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला), मुकादम, जॉबर (कामगारांवर देखरेख करणारा), पाळी, भोंगा हे शब्द आपापल्या जागी आले, की संवादातील प्रत्येक क्रियापद वाकवण्याची गरज राहत नाही. बदली कामगार म्हणजे कोण आणि तो सकाळी गिरणीच्या दाराशी का उभा राहतो, हे समजल्याशिवाय मात्र तो शब्द वापरू नये.

कोळीवाड्यासाठी भरती-ओहोटीचे गणित शिकून घ्यावे. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि होड्या पुन्हा समुद्रात लोटण्याला नारळी पौर्णिमेचा मान असतो. म्हणून जुलैतल्या प्रकरणात नायकाची यांत्रिक होडी समुद्रात पाठवायची, तर त्याला नियम मोडायला लावावे लागेल आणि त्याचे कारणही द्यावे लागेल. संवाद लिहून झाल्यावर त्या समाजातील माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. वाचताना तो जेथे अडखळतो, तेथे भाषा चुकलेली असते.

१०. ज्या जागेवर लिहायचे ती जागाच उरलेली नाही. मग काय पाहायचे?

तरीही जावे. गिरणीच्या जागी मनोरा उभा असला, तरी रस्त्याची रुंदी, स्थानकाच्या पुलाचे अंतर, समुद्राचा वारा येण्याची दिशा यांतले पुष्कळ उरलेले असते. सकाळी, दुपारी आणि पाळी सुटण्याच्या वेळी असे तीनदा जावे आणि एकदा तरी भर पावसात. उरलेले जुने छायाचित्रांतून आणि प्रश्न ३ मधील घरगुती कागदांतून भरून काढावे.

११. टिपणे कशी ठेवावीत?

वहीत किंवा संगणकावर, कशीही. प्रत्येक टिपणाखाली कोठून मिळाले, कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, एवढे लिहिले म्हणजे झाले. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवले असल्यास अवतरणचिन्हांतच ठेवावे. दोन वर्षांनी ते आपलेच वाटू लागते.

१२. जुने गाणे, बातमी किंवा कोणाचे पत्र कादंबरीत उद्धृत करता येते का?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. निनावी मजकुराबाबत, म्हणजे पुष्कळशा जुन्या बातम्यांबाबत, प्रसिद्धीनंतर ६० वर्षे मोजतात. गाण्याचे नाव घेण्यास किंवा पात्र ते गुणगुणत होते असे लिहिण्यास हरकत नसते. ओळी छापायच्या असतील, तर गीतकाराच्या अथवा हक्कधारकाच्या परवानगीचा विचार आधी करावा. बातमीतील घटना कोणाच्या मालकीची नसते, तिची वाक्यरचना असते.

पत्रांची बाब नाजूक आहे. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या घरी असतो, पण मजकुरावरील हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आजोबांना आलेले मित्राचे पत्र आपल्या पेटीत सापडले, म्हणून ते छापण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

१३. खऱ्या माणसांना कादंबरीत आणता येते का? ती हयात नसतील तर?

सार्वजनिक जीवनातील व्यक्ती सभेत बोलताना किंवा रस्त्याने जाताना दिसणे आणि तिच्या तोंडी कल्पित खाजगी संवाद घालणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यासाठी नोंद शोधावी. दुसरे शक्यतो टाळावे किंवा कल्पित नावाचे पात्र करावे. केवळ नाव बदलून भागत नाही. गल्ली, व्यवसाय आणि व्यंग तेच ठेवले, तर सर्व जण ओळखतात.

मृत व्यक्तीविषयी काहीही लिहिता येते, हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील स्पष्टीकरणानुसार, मृत व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता असे आरोप कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केल्यास तीही बदनामी ठरू शकते. लैंगिक अत्याचाराच्या खऱ्या प्रकरणावर लिहिताना पीडितेची ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. अशा प्रकरणी हस्तलिखित वकिलाला दाखवावे.

१४. कथेच्या सोयीसाठी इतिहासात थोडा बदल केला तर चालतो का?

लहान आणि खाजगी गोष्टींत चालतो. नसलेली चाळ, नसलेली खानावळ, नसलेले मंडळ निर्माण करावे. तो कादंबरीचा अधिकारच आहे. लोकांनी ज्या दिवसाची किंमत मोजली आहे, तो दिवस मात्र हलवू नये. हुतात्मा चौकाच्या इतिहासातील तारखा, संपाचा पहिला दिवस, दंगलीचे महिने यांना कथानकासाठी पुढे-मागे करणे मला मान्य नाही, कारण त्या तारखांना घरात दिवा लावणारी माणसे अजून आहेत. एखादा बदल केलाच, तर पुस्तकाच्या शेवटी टीप देऊन तो सांगावा.

१५. संशोधन कधी थांबवावे?

नवे साधन वाचताना पात्राच्या वागण्यात काहीच बदल होत नाही, केवळ टिपणे वाढत आहेत, असे लागोपाठ तीन वेळा झाले की थांबावे. जमवलेल्यातला मोठा भाग पुस्तकात येणार नाही. तो गाळताना वाईट वाटते, पण नायक ट्रामची वाट पाहत असताना त्याला ट्रामचा इतिहास आठवत नाही (प्रश्न ६).

१६. ज्यांनी आठवण सांगितली त्यांनीच नंतर 'हे छापू नका' म्हटले तर?

छापू नये. संमती लेखी असली तरीही माझे उत्तर हेच आहे. मात्र नकार नेमका कशाला आहे, हे शांतपणे विचारून घ्यावे, कारण तो सहसा सगळ्या प्रसंगाला नसतो. कधी तो एका नावाला असतो, कधी नात्याला, कधी सासरी कळेल या धास्तीला. जी गोष्ट सार्वजनिक नोंदीत आहे, ती त्यांच्या आठवणीशिवाय दुसऱ्या साधनावरून लिहिता येते. जी केवळ त्यांच्या घरातली आहे, तिच्याजागी दुसरी रचावी लागते. यासाठी पुस्तक छापायला देण्यापूर्वी संबंधित प्रकरण घेऊन पुन्हा जावे आणि ज्यांना वाचणे कठीण जाते त्यांना ते वाचून दाखवावे.

प्रश्न ७ मधील बाईंना मी ते प्रकरण वाचून दाखवले. भांड्यांचा क्रम त्यांनी तसाच ठेवायला सांगितला. परात ज्या दुकानात नेली, ती गल्ली तेवढी काढायला लावली, कारण दुकानदाराने त्या वेळी वजनाहून चार पैसे जास्त दिले होते आणि ते कोणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी त्याला दिला होता. गल्ली काढली.